इचलकरंजीच्या शेतांतील एक निसणा : एका टिपणाचें परीक्षण

इचलकरंजी येथील एका संग्राहक स्नेह्यांनीं ‘एक शिलाहारकालीन सुवर्णनिकष’ या मथळ्याचें आपलें हस्तलिखित टिपण गेल्या महिन्यांत अभिप्रायार्थ मजकडे धाडलें, आणि ज्या वस्तूविषयीं तें लिहिलें आहे ती वस्तूही कापडांत गुंडाळून सोबत दिली. टिपण छापण्यास पाठविण्यापूर्वीं त्यांतील गुणदोष स्पष्ट सांगावेत, भीड धरूं नये, अशी त्यांची सूचना होती. ते दोष खाजगी पत्रानें कळवितां आले असते. परंतु टिपण दोनदां वाचल्यावर असें दिसून आलें कीं, त्यांतील बहुतेक दोष टिपणकारांचे एकट्याचे नसून जुन्या वस्तु जमविणाऱ्या आपणां सर्वांच्या अंगवळणीं पडलेले आहेत. शिवाय त्यांतील एका गोष्टीस वेळेची मर्यादा आहे; ती पुढें येईलच. म्हणून टिपणकारांच्या अनुमतीनें, पण त्यांच्याच इच्छेप्रमाणें त्यांचें नांव न घालतां, हें परीक्षण येथें देत आहें.

प्रथम वस्तु. ती करड्या-तांबूस रंगाची एक दगडी पट्टी आहे. लांबी सुमारें ८ सेंटीमीटर, रुंदी मध्यभागीं २ सेंटीमीटरांहून थोडी कमी, जाडी १ सेंटीमीटरच्या आंतबाहेर. एका टोंकास आरपार भोंक आहे. तें दोन्ही बाजूंनीं कोरीत आणून मध्यें मिळविलेलें असल्यामुळें आंतून डमरूसारखें अरुंद झालें आहे. दुसरें टोंक तुटलेलें आहे. दोन्ही रुंद बाजू मधोमध खोलगट झिजलेल्या असून एका कडेवर टोंकदार हत्यार ओढल्यानें पडावेत तसे तीन बारीक चर आहेत. नखानें खरवडलें असतां कण सुटत नाहींत, पण बोट फिरविलें असतां खरखर लागते. भिंगाखालीं वाळूचे चकचकीत कण एकमेकांस घट्ट चिकटलेले दिसतात. टिपणांतील वर्णन व मापें यांशीं हें सर्व जुळतें, आणि तेवढ्यापुरतें टिपण निर्दोष आहे.

या वर्णनावरून टिपणकार चार पायऱ्या चढतात. पहिली, ही वस्तु सोनाराची कसोटी होय. दुसरी, भोंक असल्यामुळें ती ताइतासारखी गळ्यांत बांधीत; अर्थात् ती पूज्य मानलेली होती. तिसरी, शेत पंचगंगेच्या कांठीं आहे आणि तो मुलूख इ. स. च्या ११ व्या-१२ व्या शतकांत कोल्हापूरच्या शिलाहारांकडे होता, तेव्हां वस्तु शिलाहारकालीन. चौथी, कसोटी आहे तेथें सोनार, सोनार आहे तेथें पेठ. म्हणून शिलाहारांच्या काळीं इचलकरंजीस सराफी पेठ होती. पहिली पायरी निसटली कीं दुसरी डळमळते व चौथी पडते. आणि तिसरी तर स्वतंत्रपणेंही उभी राहात नाहीं.

पहिल्या पायरीचा आधार अमरकोश हा आहे. शूद्रवर्गांत अमरसिंहानें शाण, निकष व कष हे तीन शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत. ज्या शेतकऱ्यास दगड सांपडला त्यानें त्यास ‘साण’ म्हटलें. साण म्हणजे शाण, शाण म्हणजे निकष, निकष म्हणजे कसोटी, असा प्रवास टिपणकारांनीं कोश उघडून घरबसल्या पुरा केला. ज्यानें जन्मभर मुलांकडून अमर पाठ करून घेतला त्या मास्तरास या चुकीबद्दल रागावण्याचा अधिकार नाहीं. आम्हींच ती शिकविली. कोशकार पर्याय देतो तेव्हां घासण्याची क्रिया तेवढी समान धरतो. घासून काय साधावयाचें हें तो सांगत नाहीं. धारेच्या दगडावर लोखंड झिजावें लागतें, तेव्हां धार येते. कसोटीवर सोनें झिजवावयाचें नसतें. त्याची बारीकशी रेघ उमटवून तिचा रंग पाहावयाचा असतो. पहिल्या दगडास दांत हवेत, दुसऱ्यास नकोत.

मराठीनें हा भेद कोशापेक्षां चोख राखला आहे. सोनाराची ती कसोटी. न्हाव्याची ती पथरी. विळ्याखुरप्यास धार देण्याचा तो निसणा. आणि फार कठीण जातीचा दगड तो कुरुंद. हा कुरुंद शब्द संस्कृत ‘कुरुविंद’ याशीं नातें सांगतो, आणि त्याचेंच दक्षिणेकडील भाषांतील रूप इंग्रजींत जाऊन खनिजशास्त्राच्या परिभाषेंत कायम बसलें आहे. शेतकऱ्यानें साण म्हटलें तें बरोबरच म्हटलें होतें. त्याचें संस्कृत करितांना अर्थ बदलला.

आतां प्रत्यक्ष वस्तूची साक्ष. निकष कसा असावा हें प्राचीनांनींच सांगून ठेविलें आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणीं कलिंगांतील अथवा तापीचा, मुगाच्या रंगाचा दगड निकषांत श्रेष्ठ ठरविला आहे. आजही सराफाकडे जी कसोटी दिसते ती काळसर, बारीक पोताची व गुळगुळीत असते. कारण पृष्ठभाग खरखरीत असला तर रेघ तुटक उमटते व कस कळत नाहीं. प्रस्तुत दगड फिका, वाळूच्या कणांचा व खरखरीत आहे. त्याहून मोठी साक्ष झिजेची. सोन्यासारखा मऊ धातु हलक्या हातानें ओढून दगडास असा खोलगट आकार येत नाहीं. लोखंडाचीं पातीं वर्षानुवर्षें दाबून घासल्याशिवाय इतकी झीज होणार नाहीं. कडेवरील चर आरीचें वा दाभणाचें टोंक साधण्याचे दिसतात. तेव्हां हा निसणा आहे, आणि भोंक दोरी ओंवून कमरेस अथवा खुंटीस अडकविण्यासाठीं आहे. शेतांत काम करणाऱ्यास लहान वस्तु हरवूं नये म्हणून दोरी लागते; त्यासाठीं ताइताची कल्पना करण्याचें कारण नाहीं.

येथें टिपणकारांच्या बाजूनें दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्या त्यांस ठाऊक असत्या तर त्यांनीं त्या पुढें केल्याच असत्या. मार्टिन येझेक या चेक संशोधकानें इ. स. २०१७ मध्यें कसोटीच्या दगडांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपांतील जुन्या थडग्यांत मिळालेले व संग्रहालयांत ‘निसणे’ म्हणून नोंदलेले कित्येक दगड, भोंक पाडलेलेही, वस्तुतः कसोट्या होत, हें त्यानें त्यांच्यावरील सोनें, रुपें, शिसें इत्यादि धातूंच्या सूक्ष्म रेघा तपासून दाखविलें. म्हणजे या दोन वस्तूंची अदलाबदल मोठमोठ्या पंडितांच्या हातूनही झालेली आहे. फक्त ती उलट दिशेनें. दुसरें उदाहरण इंग्लंडांतील सटन हू येथील. तेथें इ. स. १९३९ मध्यें उघडलेल्या नौकासमाधींत चेहरे कोरलेला एक मोठा निसणा निघाला, आणि तो राजदंडासारखें चिन्ह असावा असें विद्वान् मानतात. तेव्हां धारेचा दगड मानाचा असूं शकतो, हें खरें. पण त्या दगडावर वापराची झीज नाहीं. आपला दगड दोन्ही बाजूंनीं पोंखरला गेला आहे. जी वस्तु पूजिली जाते ती सहसा इतकी राबविली जात नाहीं.

येझेक यांच्या ग्रंथामुळें या वादाचा निकाल लावण्याची एक रीत हातीं आली आहे : सूक्ष्मदर्शकाखालीं दगडावर कोणत्या धातूचे कण आहेत तें पाहणें. येथेंच टिपणांतील सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो तर्काचा नसून हाताचा आहे. टिपणकार लिहितात कीं, दगड हातीं येतांच त्यांनीं तो चिंच व साबण लावून घासला, मग खोबरेल चोळून उन्हांत ठेविला, आणि खात्रीसाठीं आपल्या बोटांतील आंगठी त्यावर ओढून पाहिली. ‘रेघ अस्पष्ट परंतु निश्चित उमटली’. या वाक्यावर त्यांनीं खालीं रेघ मारली आहे. पण यापुढें त्या दगडावर सोन्याचा कण सांपडलाच, तर तो १२ व्या शतकांतील सोनाराचा कीं त्यांच्या आंगठीचा हें कोण सांगणार? आणि लोखंडाचा गंज चरांत शिल्लक असता तर तो चिंचेनें गेला. पोथी हातीं आल्यावर अक्षरें उठावदार व्हावींत म्हणून कोणी त्यांवर नवी शाई फिरविली, तर आपण त्यास काय म्हणूं? दगडावर अक्षरें नसतात म्हणून त्यावर लिहिलेलें कांहींच नसतें असें नव्हे.

तिसरी पायरी काळाची. नाण्यावर राजाचें नांव असतें, ताम्रपटावर शक असतो, खापरास निदान घडणीची तऱ्हा असते. निसण्यास यांतील कांहींच नसतें. लोखंडाचें पातें जितकें जुनें तितकी त्यास धार लावणाऱ्या दगडाची चाल जुनी, आणि ती आमच्या लहानपणापर्यंत बदललेली नव्हती. कालनिर्णयाचा विचार करितांना अगदीं अलीकडची शक्यताही आधीं तपासून दूर केली पाहिजे. इ. स. १८९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कार्बोरंडम नांवाचा कृत्रिम पदार्थ निघाला, आणि त्याच्या करड्या पट्ट्या पुढें जगभर कारागिरांच्या हातीं गेल्या. असा तुकडा शेतांत चार पावसाळे पडला कीं पुराणवस्तूसारखा दिसूं लागतो. प्रस्तुत दगड त्या जातीचा नव्हे हें त्यांतील वाळूच्या कणांवरून ठरतें. पण टिपणकारांनीं ही शंकाच घेतलेली नाहीं.

शिलाहारांविषयीं त्यांनीं जें लिहिलें आहे तें चुकीचें नाहीं. गंडरादित्याच्या कारकीर्दींतील हेरलें येथील शके १०४० चा लेख, कोल्हापूरचा शके १०५८ चा लेख, विजयादित्याचा बामणी येथील शके १०७३ चा लेख, हे सर्व म. म. वा. वि. मिराशी यांनीं इ. स. १९७७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या शिलाहार लेखसंग्रहांत एकत्र केले आहेत, आणि हा टापू शिलाहारांचा होता याविषयीं वाद नाहीं. पण इ. स. १२१२ च्या सुमारास दुसऱ्या भोजाचा पाडाव करून सिंघण यादवानें हा मुलूख घेतला. पुढें बहमनी आले, आदिलशाही आली, मराठे आले. आणि या प्रत्येक अमलांत पंचगंगेच्या कांठीं विळ्यास धार लावावी लागतच होती. राज्य कोणाचें होतें हें सांगितल्यानें दगड कोणत्या काळचा हें सांगितलें जात नाहीं.

तें केवळ थरांवरून सांगतां येतें. आपल्याच नदीवरचें उदाहरण ब्रह्मपुरीचें आहे. कोल्हापुराजवळील त्या टेकाडाचें उत्खनन डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं इ. स. १९४५-४६ मध्यें केलें, व त्याचा वृत्तांत डेक्कन कॉलेजनें इ. स. १९५२ मध्यें छापला. खालीं सातवाहनकालीन विटांचीं घरें, वर बहमनीकालीन वस्ती, असा क्रम तेथें प्रत्यक्ष दिसला. समुद्रदेव पोसायडन याची रोमन धाटणीची ब्रांझमूर्ति त्याच टेकाडांतून मिळाली, आणि कोल्हापूरच्या संग्रहालयांत बहुतेक प्रेक्षक तीच पाहावयास जातात. परंतु ज्यांस वस्तूंचा काळ ठरवावयाचा आहे त्यांनीं त्या वृत्तांतांतील खापरें, मणी व काचेच्या बांगड्या यांचीं प्रकरणें आधीं वाचावींत. कोणत्या थरांत कोणत्या जातीची बांगडी व कोणतें खापर, हें तेथें जुळवून दाखविलें आहे. त्यामुळें एखादा मुका दगडही त्यांच्या सोबतीनें काळाच्या चौकटींत बसवितां येतो. इचलकरंजीच्या शेतांतील दगडास अशी सोबत होती काय, हा खरा प्रश्न होता.

इचलकरंजीपुरता हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. या संस्थानाचा इतिहास मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं इ. स. १९१३ मध्यें लिहिला; तेही संस्कृतचे शिक्षक होते, आणि त्यांच्या ग्रंथाची बरोबरी करणारें काम आमच्या पिढीनें केलें नाहीं. पण ती कथा नारो महादेव व संताजी घोरपडे यांच्यापासून, म्हणजे १७ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालू होते, कारण कागद तेथपासून चालू होतात. त्यापूर्वींच्या इचलकरंजीविषयीं कांहीं सांगावयाचें झालें तर तें तेथील मातीनेंच सांगावयाचें आहे. म्हणून त्या मातीची साक्ष घेतांना कागदाच्या साक्षीहून अधिक काटेकोरपणा हवा.

आणि माती स्थिर नसते, हें टिपणकार विसरले. आपल्या जुन्या कागदांत गांवाच्या जमिनीचे दोन भाग नेहमीं येतात : काळी, म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी, म्हणजे वस्तीची. ओस पडलेल्या पांढरीची राखट माती खत म्हणून गाड्या भरभरून काळींत टाकण्याची चाल देशावर सर्वत्र होती. जुन्या टेकाडांचा मोठा भाग या चालीनेंच नाहींसा झाला. त्या मातीबरोबर खापरें, मणी, नाणीं, निसणे, सर्व कांहीं शेतांत येतें. तेव्हां काळींत सांपडलेली वस्तु काळींतलीच, असें गृहीत धरतां येत नाहीं. त्यांत पंचगंगेच्या पुरांची भर. इ. स. २००५, २०१९ व २०२१ या वर्षींच्या महापुरांनीं कांठच्या शेतांत कोठें गाळ टाकला, कोठें माती खरवडून नेली. वस्तु बांधाजवळ मिळाली कीं मध्यें, नांगराच्या फाळास लागली कीं विहिरीच्या खोदाईंत निघाली, यावांचून ‘शेतांत सांपडली’ या दोन शब्दांस फारसा अर्थ राहात नाहीं. हस्तलिखितांचे संग्राहक पोथी घेतांना प्रथम शेवटचें पान उलटतात, कारण लेखकाचें नांव, गांव व शक पुष्पिकेंत असतो. दगडाची पुष्पिका म्हणजे त्याची जागा. ती फाडून टाकून उरलेल्या पोथीचें वर्णन करावें तसें हें टिपण झालें आहे.

मग या निसण्यापासून शिकण्यासारखें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे, पण तें टिपणकारांनीं जेथें शोधलें तेथें नाहीं. इचलकरंजीच्या आसपासचा खडक म्हणजे दख्खनचा काळा कातळ. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा आहे. वाळूच्या कणांचा घट्ट दगड जवळपास सहज मिळत नाहीं. तो मुबलक आहे दक्षिणेस, घटप्रभा व मलप्रभा यांच्या खोऱ्यांत. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो याच जातीचा, आणि बदामीचीं लेणीं ज्यांत कोरलीं तो डोंगरही वालुकाश्माचाच. घटप्रभा कृष्णेस मिळते ती पंचगंगासंगमाच्या पुष्कळ खालीं. तेव्हां तिकडचा दगड नदीनें वाहून इचलकरंजीस येणें शक्य नाहीं. तो तिकडचा असेल तर माणसानें आणला असला पाहिजे, आणि गोकाकाहून गाडीवाट तीनचार दिवसांची आहे.

हें अनुमान आहे; दगडाच्या तुटलेल्या टोंकाकडून पातळ काप काढून भूगर्भशास्त्रज्ञानें तो पाहिल्याखेरीज त्यास सिद्धान्त म्हणूं नये. परंतु दगडाच्या जातीवरून व्यापाराची वाट सांगतां येते, हें इतरत्र सिद्ध झालेलें आहे. नॉर्वेंतील आइड्सबोर्ग येथील निसण्यांचे दगड मध्ययुगांत समुद्रापार जात. आणि डेन्मार्कमधील रीबे या जुन्या पेठेंत मिळालेले कित्येक निसणे मध्य नॉर्वेकडून, हजारावर किलोमीटरांवरून, इ. स. च्या ८ व्या शतकाच्या आरंभापासूनच येत होते, असें दगडाच्या परीक्षेवरून अलीकडे दाखविण्यांत आलें आहे. ज्या दळणवळणाविषयीं लेखी पुरावा अवाक्षर बोलत नाहीं तें धार लावण्याच्या क्षुद्र दगडांनीं सांगितलें. आपल्याकडे तर लेखी पुरावाही मुका नाहीं. शके १०५८ च्या कोल्हापूरच्या लेखांत निंबदेव सामंतानें बांधलेल्या जैन मंदिरास व्यापाऱ्यांनीं बाजारांतील मालावरील उत्पन्न तोडून दिल्याचें सांगितलें आहे, आणि त्या व्यापाऱ्यांत अय्यावोळें येथील पांचशेंच्या संघाचें नांव येतें. अय्यावोळें म्हणजे मलप्रभेकांठचें ऐहोळें. त्याच वालुकाश्माच्या प्रदेशांतलें. एवढ्यावरून हा निसणा त्या व्यापाऱ्यांच्या बैलावरून आला असें मी म्हणणार नाहीं. तसें म्हटलें तर टिपणकारांच्या चौथ्या पायरीवर मीही जाऊन उभा राहीन. पण विचारण्यासारखा प्रश्न हा आहे. पूर्वेस खिद्रापूरच्या कोपेश्वराचें नक्षीकाम पाहून आपण थक्क होतों. सिंघणाचा शके ११३६ चा लेख तेथें आहे म्हणून त्याची चर्चा करितों. तें नक्षीकाम करणाऱ्या टांक्या रोज बोथट होत असतील व रोज घासल्या जात असतील. त्या दगडांचा शोध आजवर आपण कोणीं केला?

आतां टिपणाचा गुण सांगतों, आणि तो लहान नाहीं. टिपण संपल्यावर सहीखालीं टिपणकारांनीं शेतकऱ्याचें बोलणें जसेंच्या तसें उतरून ठेविलें आहे, बहुधा जागा उरली म्हणून. शेतकरी सांगतो कीं, वडिलांच्या हयातींत शेताच्या ईशान्येच्या कोपऱ्यांत जुन्या गांवठाणाची पांढरी माती गाड्यांनीं आणून टाकली होती. दगड त्याच कोपऱ्यांत, बांधापासून दहाबारा पावलांवर नांगरास लागला. तेथें लाल-काळीं खापरें व रंगीत बांगड्यांचे तुकडे दर नांगरटीस निघतात व तो ते बांधावर फेंकतो. आणि येत्या उन्हाळ्यांत त्या कोपऱ्याची वरची माती वीटभट्टीस जावयाची आहे. माझ्या मतें सबंध टिपणांत छापण्यासारखा मजकूर हाच आहे. यांत जागा आहे, माती कोठून आली तें आहे, सोबतच्या वस्तु आहेत. आणि पंचगंगेकांठीं ब्रह्मपुरीस बांगड्यांचा क्रम आधींच लागलेला असल्यामुळें बांधावरचे ते तुकडे पाहून निसण्याचा काळ निदान ढोबळ मानानें सांगतां येण्याची आशा आहे. ज्या जुन्या गांवठाणांतून माती आली तें कोठें होतें हेंही त्या शेतकऱ्याच्या घरीं कोणास आठवत असेल. त्या चार वाक्यांचा उपयोग टिपणकारांनीं केला नाहीं, कारण त्यांत राजाचें नांव नव्हतें.

हें कठोरपणें लिहितांना मला स्वतःचा अपराध आठवतो. तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलानें असाच एक दगड शेतांतून आणून मला दिला होता. मीं तो नळाखालीं धुतला, वर्गांत हातीं धरून ‘शाण’ शब्दाची व्युत्पत्ति सांगितली, दोनतीन संस्कृत कवींनीं त्याचा उपमेंत कसा उपयोग केला तेंही सांगितलें, आणि तासानंतर कागद उडूं नयेत म्हणून टेबलावर ठेविला. मुलाचें नांव व गांव लिहून ठेवावें हें सुचलें नाहीं. तो दगड आजही माझ्या टेबलावर आहे. कागद चांगले दाबून धरतो. त्याविषयीं मला ठाऊक असलेली एवढीच गोष्ट खरी आहे.

अशा वस्तूंचें रक्षण कायदा करील, ही आशा व्यर्थ होय. इ. स. १८७८ चा निखातनिधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरलेल्या वस्तूची वर्दी मागतो. निसण्याचें मोल कोणी दहा रुपये करणार नाहीं. इ. स. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी वस्तु पुरावस्तु ठरते खरी. पण निसणा शंभर वर्षांचा कीं पांचशें वर्षांचा हेंच जेथें कोणी पाहिलेलें नाहीं तेथें कायदा काय करणार? इंग्लंड व वेल्स येथें इ. स. १९९७ पासून ब्रिटिश म्यूझियमच्या देखरेखीखालीं शेतांत सांपडलेल्या किरकोळ वस्तूंचीही जागेसह नोंद ठेवितात. त्या नोंदी दहा लक्षांवर गेल्या आहेत, आणि त्यांत तुटके निसणेही आहेत. आपल्याकडे तसें होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ज्या वहींत आपण पोथ्यांची यादी करितों तिच्या मागच्या पानावर ही नोंद ठेवितां येते : वस्तु कोणीं, कोणत्या शेतांत, कोणत्या बाजूस, किती खोलीवर, कशासोबत, कोणत्या दिवशीं पाहिली, आणि ती धुतली आहे कीं नाहीं.

टिपणकारांस माझी विनंति अशी. मथळा बदलावा, ‘शिलाहारकालीन’ व ‘सुवर्ण’ हीं दोन्हीं पदें गाळावींत. सराफी पेठेचा परिच्छेद काढावा. शेतकऱ्याचें बोलणें टिपणाच्या आरंभीं आणावें. आंगठी घासल्याची व चिंच लावल्याची हकीकत मात्र तशीच राहूं द्यावी. पुढें जो कोणी दगड तपासील त्यास ती कळलीच पाहिजे. आणि या सर्वांआधीं, माती भट्टीस जाण्यापूर्वीं, त्या शेतकऱ्याबरोबर ईशान्येच्या कोपऱ्यांत एक सकाळ घालवावी. खणूं नये, तें आपलें काम नव्हे, त्यास पुरातत्त्व खात्याची अनुज्ञा लागते. बांधावर जीं खापरें व बांगड्यांचे तुकडे पडले असतील ते न धुतां कागदी पिशवींत घालून, पिशवीवर जागा लिहून कोल्हापूरच्या संग्रहालयांत दाखवावे.

दगड मी परत पाठवीत आहें. त्यास दोऱ्यानें एक पुठ्ठ्याची चिठी बांधली आहे. तीवर ‘निसणा, वालुकाश्म, काळ अनिश्चित, इचलकरंजी, पंचगंगेकांठचें शेत, ईशान्य कोपरा, आणलेल्या पांढऱ्या मातींत, धुतलेला व तेल लावलेला’ एवढें लिहून खोली व सोबतच्या वस्तु यांसाठीं दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. टिपणकारांनीं मनावर घेतल्यास त्या उन्हाळ्यापूर्वीं भरतां येतील.